रविवारी चारनंतर: आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानाचा रिव्ह्यू

इंग्लंडमध्ये लेस्टरला नवीन आलेल्या मराठी लोकांसाठी हे लिहितेय, कारण मला हे कुणी पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर माझे बरेच रविवार वाचले असते. दुकान बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्ल्यांमध्ये कोपऱ्यावर आहे, खाली दुकान आणि वर घर, हिरवं शटर, बाहेर कांद्याच्या जाळीच्या पिशव्या आणि कोथिंबिरीचे क्रेट. नाव लिहीत नाही कारण दुकानाच्या मालकांना, म्हणजे काकांना, विचारलं तर ते नको म्हणाले. पण त्या भागात रविवारी संध्याकाळी ज्या दारातून माणसं सारखी दुधाचे कॅन घेऊन बाहेर पडताना दिसतील तेच हे दुकान. रेटिंग पाचपैकी साडेचार, अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आधी हे सांगते की हे दुकान मला सापडलं कसं. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शिफ्टमध्ये काम करते, महिन्यातून दोनदा तरी शनिवारची नाईट येते. रविवारी सकाळी साडेआठला घरी, आंघोळ, झोप, आणि जाग येते ती दुपारी तीनच्या सुमारास. अशाच एका रविवारी उठले तर घरात दूध नाही, बटाटे नाहीत, ब्रेडचे टोकाचे दोन तुकडे, आणि नवरा कामासाठी बाहेरगावी. तशीच जॅकेट घालून मोठ्या सुपरमार्केटकडे निघाले, चालत वीस मिनिटं, पोचले तेव्हा घड्याळात तीन अठ्ठावन्न झाले होते. दारातल्या सिक्युरिटीवाल्याने हात आडवा केला आणि सॉरी म्हणाला. आत अजून लोक होते, दिवे चालू होते, काचेतून मला दुधाचा फ्रीज दिसत होता, पण आता नवीन माणूस आत घेणार नाही म्हणाला. माझ्या मागोमाग बाबागाडी घेऊन एक बाई आली, तिलाही तेच. तिला बाळासाठी नॅपी हवे होते. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून परत फिरलो. भुकेल्या पोटी, नाईटनंतर डोकं जड झालेलं असताना परतीची ती वीस मिनिटं मी आजही विसरलेले नाही.

रस्त्यात हे दुकान लागलं. आधीही लागायचं पण मी कधी आत गेले नव्हते, बाहेरून लहान आणि अंधारं दिसतं म्हणून. त्या दिवशी गेले तर दूध, बटाटे, अंडी, पोहे (जाड आणि पातळ दोन्ही!), हिरव्या मिरच्या सुट्ट्या, पाहिजे तेवढ्या मोजून, आणि काउंटरवरच्या काकांनी माझा चेहरा बघून विचारलं, नाईट थी क्या? माझ्या गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र तसंच राहिलं होतं, त्यांनी ते बघितलं असणार. पण त्या दिवशी मला ते विचारणं फार बरं वाटलं.

आता दुकानात काय मिळतं ते. आपल्याला लागणारं जवळजवळ सगळं. तूरडाळ, मूगडाळ, हरभऱ्याचं पीठ, ज्वारीचं पीठ (हे कायम नसतं, सांगून ठेवावं लागतं), शेंगदाणे, गूळ, चिंच, पार्ले-जी, पापड, आंब्याचा पल्प. मेथीच्या जुड्या शुक्रवारी येतात आणि शनिवारी संपतात. कढीपत्ता पाकिटात असतो पण काका फ्रीजच्या मागून ताजी डहाळी काढून देतात, ओळख झाली की. शिवाय इथलं नेहमीचं सामान, ब्रेड, चीज, मांजराचं खाणं, पॅरासिटॅमॉलचं १६ गोळ्यांचं पाकीट (एका वेळी दोनच देतात, औषधाचं दुकान नसेल तर जास्त देत नाहीत). आणि एक गोष्ट जी मला आधी समजत नव्हती, तिथे लोक छोटी प्लास्टिकची चावी घेऊन येतात आणि पैसे भरून घेऊन जातात. ती विजेच्या प्रीपेड मीटरची चावी. ज्यांच्याकडे असं मीटर आहे त्यांचे पैसे रविवारी रात्री आठला संपले तर घरात अंधार होऊ शकतो, आणि त्यांच्यासाठी हे दुकान उघडं असणं ही सोयीच्या पलीकडची गोष्ट आहे. पार्सलं घेणं, परत पाठवणं तेही होतं. हे सगळं आपल्या दोन खोल्यांच्या घराएवढ्या जागेत, एक माणूस काउंटरवर आणि काकी आतून माल आणून देतात.

वेळ सकाळी साडेसहा ते रात्री दहा, रविवारीसुद्धा. आणि इथेच खरी गोष्ट आहे, कारण मोठं दुकान रविवारी चारला बंद आणि हे दहापर्यंत उघडं, हे काकांच्या मेहनतीवर तर आहेच पण ते कायद्यामुळे तसं आहे. इथे नवीन आलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो, की एवढा पुढारलेला देश, आणि रविवारी संध्याकाळी मोठी दुकानं बंद का? आमच्या मराठी ग्रुपवर दर दोन महिन्यांनी कुणीतरी चिडून लिहितं की हे बदललं पाहिजे, रविवारी दहा वाजेपर्यंत उघडी ठेवायला परवानगी द्यायला हवी. मीपण त्या तीन अठ्ठावन्नच्या रविवारी तेच लिहिलं होतं. आज मी तसं लिहिणार नाही, आणि का नाही ते सांगायचंय.

कायदा असा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये ज्या दुकानाची विक्रीची जागा २८० चौरस मीटरपेक्षा जास्त आहे (म्हणजे साधारण ३००० चौरस फूट) त्याला रविवारी सकाळी १० ते संध्याकाळी ६ या वेळातले सलग ६ तासच उघडता येतं. ईस्टरच्या रविवारी आणि ख्रिसमसच्या दिवशी पूर्ण बंद. त्यापेक्षा लहान दुकानाला कसलंही बंधन नाही. पेट्रोल पंप, स्टेशनातली आणि एअरपोर्टची दुकानं यांनाही सूट आहे. रविवारचा हा नियम म्हणजे १९९४ चा संडे ट्रेडिंग अ‍ॅक्ट. स्कॉटलंडला हा लागू नाही, माझी मावसबहीण ग्लासगोला असते, ती रविवारी रात्री नऊला मोठ्या दुकानातून मला फोन करते आणि ट्रॉली ढकलता ढकलता बोलते.

१९९४ च्या आधी तर बरीचशी दुकानं रविवारी उघडायलाच कायद्याने मनाई होती, १९५० चा शॉप्स अ‍ॅक्ट होता. १९८६ मध्ये पंतप्रधान थॅचरबाईंच्या सरकारने ही बंधनं काढून टाकायचं विधेयक आणलं आणि ते संसदेत १४ मतांनी पडलं. एवढं मोठं बहुमत असलेलं सरकार, आणि दुकानांच्या वेळेवर हरलं! कारण चर्चला मानणारे त्यांच्याच पक्षातले खासदार आणि कामगार युनियनच्या बाजूचे विरोधी खासदार एकत्र आले, एरवी ही दोन टोकं. मग मोठ्या साखळ्यांनी सरळ दुकानं उघडून दंड भरायला सुरुवात केली, नगरपालिका खटले भरत राहिल्या, प्रकरण युरोपच्या कोर्टापर्यंत गेलं, आणि शेवटी सहा तासांवर तडजोड झाली. २०१२ मध्ये ऑलिंपिकच्या वेळी आठ रविवार ही मर्यादा उठवली होती. २०१६ मध्ये सरकारने पुन्हा प्रयत्न केला की निदान स्थानिक कौन्सिलना ठरवू द्या, तेही ३१७ विरुद्ध २८६ मतांनी पडलं. म्हणजे ही तडजोड तीस वर्षांहून जास्त टिकलीय, आणि ती मोडायला निघालेलं सरकार हरलं.

आता मी हे सगळं इतकं सांगतेय कारण मी स्वतः त्या सहा तासांच्या आत उभी राहिलेय. स्टुडंट असताना एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये रविवारी टिलवर (म्हणजे बिलाच्या काउंटरवर) काम करायचे, टर्म चालू असताना व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्यांना आठवड्याला २० तासच काम करता येतं, त्यातले सहा तास हे. साडेनऊला दार उघडायचं, लोक आत येऊन ट्रॉल्या भरून ठेवायचे पण टिल दहाच्या आधी चालू करता यायचं नाही, म्हणून दहाला पाच कमी असताना माझ्यासमोर वीस ट्रॉल्यांची रांग आणि सगळे घड्याळाकडे बघत. दहा ते चार डोकं वर काढायला मिळायचं नाही. आणि मग साडेतीनला घोषणा, पावणेचारला घोषणा, आणि चारला दार बंद. त्यानंतर शेल्फवरचा माल पुढे ओढून नीट लावायचा, किंमत कमी केल्याची पिवळी स्टिकरं लावलेला उरलेला माल बाजूला काढायचा, पण पाचपर्यंत आम्ही मोकळे.

माझ्या शेजारच्या टिलवर एक बाई होत्या, साठीच्या जवळ आलेल्या, वीसेक वर्षं तिथेच. रविवारी चारची घोषणा झाली की त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मला अजून दिसतं. सव्वापाचला त्यांचा मुलगा गाडी घेऊन यायचा, त्या थेट आईकडे जायच्या, आई नव्वदीच्या पुढच्या, आणि तिथे सगळी भावंडं रविवारचं जेवायला जमायची. आठवड्यातल्या बाकी सहा दिवसांत कुणाची शिफ्ट सकाळी कुणाची रात्री, फक्त रविवारची संध्याकाळ सगळ्यांची रिकामी. ऑलिंपिकच्या त्या आठ रविवारांबद्दल त्या मला सांगायच्या, की तेव्हा संध्याकाळच्या शिफ्ट लागल्या आणि ते जेवण बंद पडलं, आई विचारत राहायची. त्या म्हणायच्या, मला जादा पैसे मिळाले, पण आठच रविवार होते म्हणून चाललं.

इथे कायद्याने दुकानातल्या कामगाराला रविवारी काम करायला नाही म्हणायचा हक्क आहे, तीन महिन्यांची लेखी नोटीस द्यायची. कागदावर चांगला हक्क आहे. पण मी तिथे होते तेव्हा नोटीस देणारं मला तरी कुणी दिसलं नाही, कारण जो रविवारी नाही म्हणेल त्याला बाकीच्या दिवशी तास कमी मिळतील ही भीती प्रत्येकाला, खरी असो की खोटी. तुमचे तास दर आठवड्याला मॅनेजर ठरवत असेल तर तुम्ही नाही कसं म्हणणार. दुकानच बंद असेल तर कुणाला नाही म्हणायची वेळच येत नाही. हा फरक मला टिलवर बसल्याशिवाय कळला नसता.

आणि हे मला कळायला हवं होतं खरंतर आधीच, कारण माझ्या वडिलांचं किराणा दुकान. सांगली जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी, पेठेत. आमच्या पेठेत सोमवारी बंद असायचा, जसं लक्ष्मी रोडला किंवा दादरला बरीच दुकानं सोमवारी बंद असायची तसं. आपल्याकडे १९४८ चा दुकान कायदा होता, शॉप अ‍ॅक्ट म्हणायचे सगळे, त्यात दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवणं बंधनकारक होतं. सोमवारी अण्णा घरी असायचे. उशिरा उठायचे, आम्हाला शाळेत सोडायला यायचे, दुपारी जेवून झोपायचे, संध्याकाळी आईला घेऊन देवळात. बाकीचे सहा दिवस सकाळी सातला शटर वर आणि रात्री साडेनऊला खाली, आम्ही झोपल्यावर ते यायचे. मला वडील आठवतात ते सोमवारचे आठवतात.

मग २०१७ ला महाराष्ट्रात नवीन कायदा आला. त्यात दुकान आठवड्याचे सातही दिवस उघडं ठेवायला परवानगी, पण दहा किंवा जास्त कामगार असतील तिथे कामगाराला आठवड्याची एक सुट्टी द्यायची, तेव्हाच्या नियमाप्रमाणे दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास यापेक्षा जास्त काम नाही, जास्त झालं तर दुप्पट पगार. वाचायला हे फार बरोबर वाटतं, दुकानाला सुट्टी कशाला, सुट्टी माणसाला हवी. मलाही पटलं होतं. पण अण्णांच्या दुकानात कामगार एकच, तोही अर्धवेळ पोरगा. मालकाला सुट्टी कोण देणार? हळूहळू समोरच्या दुकानाने सोमवारी उघडायला सुरुवात केली, मग शेजारच्याने, मग अण्णांनी. गिऱ्हाईक एकदा तुटलं की परत येत नाही, म्हणाले. एकट्याने बंद ठेवणं परवडत नाही, सगळ्यांनी बंद ठेवलं तरच परवडतं. आता फोनवर विचारलं की सुट्टी कधी, तर म्हणतात अमावास्येला अर्धा दिवस.

म्हणून काकांच्या दुकानात उभी राहिले की मला दोन्ही बाजू एकदम दिसतात आणि त्रास होतो. कारण मोठ्या दुकानातल्या माणसाला रविवारची संध्याकाळ मिळते ती याच कायद्याने, आणि काकांना ती मिळत नाही तीही याच कायद्याने. काकांचं कुटुंब १९७२ ला युगांडातून आलं, तिथला हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत निघून जायला सांगितलं तेव्हा. काका तेव्हा शाळेत होते. त्या वेळी लेस्टरच्या कौन्सिलने युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन लोकांना सांगितलं होतं की आमच्या शहरात येऊ नका, इथे जागा नाही. तरी लोक आले, आणि आज बेलग्रेव्ह रोडची साड्यांची, मिठाईची, दागिन्यांची ती सगळी रांग बघायला लोक बाहेरगावांहून येतात. काकांच्या वडिलांनी हे दुकान घेतलं तेव्हा मोठ्या दुकानांना रविवार बंदच होता, आणि लहान दुकानदाराची कमाई रविवारची, पहाटेची आणि रात्रीची, म्हणजे जेव्हा बाकीचे झोपलेले तेव्हाची.

मी एकदा विचारलं, काका तुम्हाला सुट्टी कधी? ते हसले, म्हणाले दीकरी, क्रिसमस के दिन, और बेसतुं वरस (गुजराती नवं वर्ष) को आधा दिन. रविवारी पहाटे पाचला उठतात कारण रविवारचे पेपर जाड असतात, पुरवण्या वेगळ्या येतात, त्या हाताने एकात एक घालाव्या लागतात. आठवड्यातून दोनदा कॅश अँड कॅरीला (घाऊक मालाच्या दुकानात) जाऊन माल भरून आणायचा. मुलगा लंडनला अकाउंटंट, मुलगी फार्मासिस्ट, दोघांनाही दुकान नकोय आणि काकांनाही त्यांना ते द्यायचं नाहीये. आठवड्यातली सगळ्यात जास्त विक्री कधी विचारलं तर लगेच उत्तर, संडे चार से आठ. म्हणजे मोठ्याचं दार बंद झाल्यापासूनचे चार तास. त्या चार तासांवर दुकानाचं भाडं निघतं म्हणाले.

आता कुणी म्हणेल मग रविवारी मोठी दुकानं दहापर्यंत उघडली तर काकांना सुट्टी मिळेल की. नाही मिळणार. ते चार तास गेले तर काका त्याच वेळेत तसेच बसतील, जसे अण्णा आता सोमवारी बसतात, फक्त समोर गिऱ्हाईक नसेल. थोडे महिने बसतील आणि मग शटर कायमचं खाली येईल. आणि मग त्या विजेच्या चावीवाल्यांनी रात्री आठला कुठे जायचं?

या कायद्यात एक भोक आहे ते पण सांगायला हवं, कारण काकांना त्याचाच जास्त राग आहे. कायदा जागा मोजतो, मालक कोण ते मोजत नाही. मोठ्या साखळ्यांनी २८० चौरस मीटरच्या आत बसतील अशी छोटी दुकानं काढलीत गल्लोगल्ली, आणि ती रविवारी रात्री अकरापर्यंत उघडी. काकांच्या दुकानापासून पाच मिनिटांवर एक झालंय. तिथे तीच वस्तू त्याच कंपनीच्या मोठ्या दुकानापेक्षा बऱ्याचदा महाग असते हे मी पावत्या शेजारी ठेवून बघितलंय. तर लहान दुकानदाराला दिलेलं छत्र मोठ्यानेच उघडून डोक्यावर धरलंय. मला बदल करायचा झाला तर मी तो इथे करेन, सूट देताना जागेबरोबर मालकाची एकूण दुकानं किती आहेत तेही बघा. वेळ वाढवण्याच्या आधी हे करा.

दुसरा मुद्दा, लोक म्हणतात की ऑनलाइन तर रविवारी रात्रीपण घरपोच येतं, मग दुकानालाच बंधन का. हे खरं आहे, १९९४ ला हा प्रश्नच नव्हता. पण त्यावर उत्तर म्हणून टिलवरच्या बाईंना रात्री दहापर्यंत बसवा हे मला पटत नाही. व्हॅन चालवणाऱ्याचीही संध्याकाळ जातेच आहे, त्याची मोकळी करायचं बघायला हवं.

आणि मग माझ्यासारख्यांचं काय? हा प्रश्न मी टाळणार नाही कारण तो खरा आहे. हॉस्पिटल, केअर होम, बस, गोदामं, रविवारी कितीतरी लोक काम करतात. कालच लॅबमध्ये एक जण म्हणाला की आम्ही रविवारी काम करतो तर दुकानवाल्यांनी का नको. मी त्याला म्हटलं की रक्ताचा नमुना सोमवारपर्यंत थांबत नाही, सोफा थांबतो. पण दूध थांबत नाही हेही खरं, आणि ज्यांच्या घराजवळ काकांसारखं दुकान नाही त्यांची अडचण खरी आहे.

त्याला एक साधा उपाय आहे आणि त्यासाठी कायद्याला हातही लावायला नको. कायदा १० ते ६ मधले कुठलेही सलग सहा तास म्हणतो. मग आमच्या भागातली बहुतेक मोठी दुकानं १० ते ४ च का घेतात? फार तर ११ ते ५. एखाद्याने तरी १२ ते ६ करावं! सकाळी दहाच्या आत रांगा लावणारे लोक आहेत मला माहितीय, मी त्यांची बिलं केलीत. पण तीन दुकानं एकमेकांपासून अर्ध्या मैलावर असतील आणि तिघंही चारला बंद होत असतील तर नाईट करून आलेल्या माणसाला त्यातलं एकही उपयोगाचं नाही. एक १० ते ४, एक ११ ते ५, एक १२ ते ६ असं झालं तर अख्ख्या भागाला आठ तास मिळतात, आणि कामगाराची संध्याकाळपण राहते. मी आमच्या जवळच्या दुकानाच्या कस्टमर सर्व्हिसला हे लिहून पाठवलं, तर सूचनेबद्दल धन्यवाद असं छापील उत्तर आलं. मी परत लिहिणार आहे. तुम्हीपण तुमच्या जवळच्या दुकानाला लिहा, चार लोकांनी लिहिलं तर निदान कुणीतरी वाचेल.

परत काकांच्या दुकानाकडे येते, रिव्ह्यू त्याचा आहे. अर्धा स्टार का कापला ते सांगायचं राहिलं. एक म्हणजे तारखा बघून घ्या, मागच्या शेल्फवरची पिठं आणि मसाले कधीकधी तारखेच्या जवळ आलेले असतात. काकांना दाखवलं की लगेच बदलून देतात, वाद नाही, पण बघायचं आपण. दुसरं, आत जागा अगदी कमी, बाबागाडी किंवा व्हीलचेअर मधल्या ओळीत जात नाही. काकी बाहेर येऊन यादी घेतात आणि सामान आणून देतात हे चांगलं आहे, तरी माणसाला स्वतः बघून घ्यावंसं वाटतं ना. भाव मोठ्या दुकानापेक्षा थोडा जास्त, दुधाला, ब्रेडला नक्की. पण डाळी, मसाले, कोथिंबीर, मिरच्या, आलं हे मोठ्या दुकानापेक्षा खूप स्वस्त आणि ताजं. मी महिन्याचं सामान असं वाटून घेतलंय, साबण, टिश्यू, ओट्स मोठ्या दुकानातून आठवड्यात कधीतरी, आणि भाजी, डाळ, दूध काकांकडून. चार पैसे दुधावर जास्त जातात ते मी जाऊ देते, कारण तेवढ्यावर रविवारी रात्री त्या गल्लीत एक दिवा चालू राहतो.

काही उपयोगी गोष्टी. रविवारी साडेचार ते सहा सगळ्यात जास्त गर्दी, मोठ्या दुकानाहून परत फिरलेले सगळे तिथेच येतात. सातनंतर निवांत असतं पण कोथिंबीर संपलेली असते. कार्ड चालतं. गणपतीच्या आधी आठवडाभर सांगितलं तर काकी नारळ आणि विड्याची पानं मागवून देतात, त्यांना आता तारीख पाठ झालीय. दुर्वा मात्र मिळत नाहीत, त्या पार्कात शोधाव्या लागतात. आणि काकांशी गुजराती, हिंदी, इंग्लिश काहीही बोला, मराठी त्यांना समजतं थोडं थोडं, जुने मराठी सिनेमे बघतात म्हणाले.

मागच्या महिन्यात अण्णा-आई इथे आले होते. अण्णांना दुकान दाखवायला नेलं. दोघं म्हातारे काउंटरच्या दोन बाजूंना उभे राहून तासभर बोलत होते, उधारी, उंदीर, कंपनीचे सेल्समन, सुट्ट्या पैशांची चणचण, सगळं सारखंच निघालं. निघताना अण्णांनी त्यांना विचारलं, सोमवारी बंद ठेवता का? काका म्हणाले, नाही, रविवारी नाही, सोमवारी नाही, कधीच नाही. अण्णा काही बोलले नाहीत, फक्त त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

या शनिवारी परत नाईट आहे. रविवारी तीनला उठेन, साडेचारला काकांकडे. ज्वारीचं पीठ सांगून ठेवलंय.